हाडांचा चुरा फेकू नका

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. हाडांवरचं व्याख्यान ऐकायला संध्याकाळच्या वेळी इतकी माणसं आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘इनामगावची मेंढी की शेळी? प्राचीन प्रथिनांची साक्ष’. इनामगाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण आधी मला चुऱ्याबद्दल, म्हणजे उत्खननात निघणाऱ्या हाडांच्या बारीक तुकड्यांबद्दल बोलायचंय. कारण चुरा राहिला नाही, तर साक्ष द्यायला कोणी उरणारच नाही.

सुरुवातीला एक छोटीशी परीक्षा. शेळी आणि मेंढी समोर उभी केली तर कोणाकोणाला ओळखता येईल? सगळेच हात वर. छान. आता कातडं काढून दुकानात टांगलेलं धड? हात कमी झाले. मागे बसलेले काका म्हणताहेत, शेपूट बघायची. अगदी बरोबर! बोकडाची शेपूट आखूड, वर उचललेली; मेंढीची खाली लोंबणारी. म्हणून तर बोकडाचं मटण विकणारा धडाला शेपूट ठेवतो, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. आता पुढचा प्रश्न. शेपूट नाही, शिंगं नाहीत, डोकं नाही. नुसता मांडीच्या हाडाचा दोन इंची तुकडा, तोही तीन हजार वर्षं मातीत राहिलेला. आता कोण ओळखेल? आजी, तुम्ही हात वर केलाय? ‘चवीवरून’! आजी, तेवढी सोय असती तर आमची निम्मी भांडणं कधीच मिटली असती.

उत्खननातून आलेली प्राण्यांची हाडं ओळखणं हे माझं काम. तुकडा हातात घ्यायचा, संग्रहातल्या ओळखीच्या सांगाड्याशेजारी धरायचा, खाचा-उंचवटे जुळवायचे आणि कोणता प्राणी, कोणतं हाड, डावं की उजवं, वय काय, सुरीचे घाव आहेत का, हे लिहायचं. पुण्यात या कामाची परंपरा मोठी आहे. गुजरातमधल्या लांघणजच्या हाडांचा अहवाल ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी लिहिला, तो डेक्कन कॉलेजने १९६५ साली छापला. पुढे डॉ. पी. के. थॉमस, डॉ. प्रमोद जोगळेकर यांनी दख्खनच्या कितीतरी गावांची हाडं वाचली. माझ्यासारख्यांचे डोळे या मंडळींच्या कामावरच तयार झाले.

या सगळ्या अहवालांत तुम्हाला एक नोंद हटकून दिसेल: ‘मेंढी/शेळी’. मध्ये तिरकी रेघ. कारण या दोघींचे सांगाडे विलक्षण सारखे. जर्मन अभ्यासक बॉसनेक यांनी १९६०च्या दशकात दोघींमधले बारीक फरक शोधून त्यांची यादी केली. पायाच्या लांब हाडांची टोकं, घोट्याचं हाड, शिंगाचा गाभा अशा मोजक्या जागी ते दिसतात. पण त्यासाठी हाडाचं टोक शाबूत हवं. आणि टोकंच आधी जातात. माणसाने मगजासाठी हाड फोडलेलं असतं, उरलेलं टोक कुत्र्याने चघळलेलं असतं, मग घरातल्या जमिनीवर ते पायाखाली येतं. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि मधलं हाड पिळवटून निघतं. हाती येतात ते किरचे. काहींवर चुन्याचं जाड पुट बसलेलं, काही चुलीत पडून काळे नाहीतर निळसर पांढरे झालेले.

असा एक किरचा हातात घेऊन बघा. बाहेरून पिवळट तपकिरी, मोडलेल्या कडेला खडूसारखा पांढरा. टेबलावर टाकला तर ताज्या हाडासारखा घट्ट आवाज येत नाही, कोरडा टक् असा येतो. जिभेला लावला तर चिकटतो, कारण आतलं प्रथिन झिजून तिथे बारीक छिद्रं झालेली असतात. (घरी करून बघू नका; आमच्याही विद्यार्थ्यांना आता ते करू देत नाही.) असा किरचा कोणत्या प्राण्याचा हे डोळ्यांना सांगता येत नाही. मग तो जातो एका पिशवीत. पिशवीवर लिहितात: ‘अनोळखी’. पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून जास्त हाडं या पिशवीत जातात.

आणि या पिशवीचं पुढे काय होतं, हे मला आज सांगायचंच आहे. संयोजकांनी क्षमा करावी, थोडा वेळ जाईल.

काही वर्षांपूर्वी दख्खनमधल्या एका उत्खननाची हाडं पुन्हा तपासायची ठरली. जागेचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. उत्खनन जुनं, नोंदी व्यवस्थित, थरांचे नकाशे उत्तम. नोंदवहीत प्रत्येक खड्ड्यापुढे, प्रत्येक थरापुढे ओळखलेल्या हाडांची संख्या आणि अनोळखी तुकड्यांचं वजन लिहिलेलं. किलोकिलोंनी. मी खूश झालो. मला तेच हवं होतं. भांडारात गेलो तर ओळखलेली हाडं खोक्यांत नीट होती, पण अनोळखी काहीच नाही. चौकशी केली. बराच वेळ कोणाला आठवेना. मग तिथल्या एका जुन्या माणसाने सांगितलं की खोली रिकामी करायची होती, वाळवीने लेबलं खाल्ली होती, तेव्हा पोती आवारातल्या भरावात टाकली, वर माती ओढली. ‘साहेब, त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतंच,’ असं तो म्हणाला. त्याचा काय दोष? आम्हीच त्या पिशवीवर तसं लिहून ठेवलं होतं!

मंडळी, उत्खनन एकदाच होतं. थर खणला की संपला. त्या थरातली माणसं काय खात होती, कोणती जनावरं पाळत होती, याची जी सामग्री हजारो वर्षं मातीने सांभाळली, ती आपल्या हातात आल्यावर काही दशकांत एका खोलीच्या जागेसाठी गेली. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि हे एकाच ठिकाणी घडलंय असं नाही. काही ठिकाणी चुरा त्याच खड्ड्यात परत लोटतात. काही ठिकाणी चाळणी लावतच नाहीत, त्यामुळे बारीक तुकडे मातीच्या ढिगात जातात.

आणखी एक प्रकार सांगतो. हाडं मोडू नयेत म्हणून पूर्वी त्यांना सरस लावायचे. भावना चांगली. पण सरस कशाचा असतो? जनावरांच्या कातड्याचा, हाडांचा. म्हणजे ज्या प्रथिनाच्या शोधात आपण आहोत, तेच प्रथिन दुसऱ्या जनावराचं आपण आपल्या हाताने वरून चोपडलं! अशा हरणाच्या हाडाने गाय असल्याची साक्ष दिली, तर त्यात हरणाची काय चूक?

आता ते प्रथिन. नाव कोलॅजन. हाडाच्या वजनाचा पाव हिस्सा, थोडा कमीच, कोलॅजनचा असतो. बाकी मुख्यतः खनिज. पायाचा रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की थिजतो ना? ते विरघळलेलं कोलॅजन. खनिजाने त्याला चहूबाजूंनी वेढलेलं असतं, म्हणून ते मातीत टिकतं.

इथे एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोलॅजनच्या रेणूची रचना कशी असते, हे जगात कोणी उलगडलं? केंब्रिजमध्ये, लंडनमध्ये, अमेरिकेत त्या काळची मोठमोठी माणसं त्याच्या मागे होती. १९५२ साली मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. वय तिशीच्या उंबरठ्यावर. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. त्याच सुमारास स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. ते बोलता बोलता म्हणाले की कोलॅजनच्या रचनेचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पुढे आलेल्या एकाही रचनेने समाधान होत नाही. रामचंद्रनांनी ते मनावर घेतलं. जवळच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, तिथून कोलॅजनचे नमुने मिळाले. क्ष-किरणांची सर्वांत स्पष्ट छायाचित्रं मिळाली ती कांगारूच्या शेपटीच्या कंडरेची. म्हणजे, मागच्या काकांनी सांगितलं तसं, इथेही शेपूटच बघितली!

रसायनशास्त्रज्ञांना एक गोष्ट आधीच ठाऊक होती. प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या कड्यांनी बनते, आणि कोलॅजनमधल्या अमिनो आम्लांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ग्लायसिन असतं. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी या एका तृतीयांशाला रचनेच्या मध्यभागी बसवलं. तिपेडी वेणी डोळ्यांपुढे आणा: तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या. मध्ये इतकी कमी जागा की तिथे सर्वांत छोटं अमिनो आम्लच मावतं, आणि ते म्हणजे ग्लायसिन. म्हणून दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. १९५४ साली ‘नेचर’मध्ये त्यांचा पहिला निबंध आला, १९५५ साली सुधारित रचना आली. तीन साखळ्यांच्या गुंफणीची ती मूळ कल्पना आज जगभर मान्य आहे.

गोष्ट इथे संपत नाही. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आलेत, इतकं चालत नाही. त्या वेळी डीएनएच्या रचनेमुळे क्रिक यांचं नाव सर्वतोमुखी झालेलं होतं. रामचंद्रन यांनी वाद घालत बसण्यापेक्षा मुळालाच हात घातला: अणूंना किती जवळ यायला चालतं, हेच आधी नीट मोजू या. त्यांनी उपलब्ध असलेल्या स्फटिकांच्या रचना तपासल्या, अंतरं काढली. त्यातून १९६३ साली रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबत तो आलेख आला, ज्याला आज जगातला प्रत्येक जैवरसायनशास्त्राचा विद्यार्थी ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ओळखतो. प्रथिनाची कोणतीही नवी रचना त्या आलेखावर तपासल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे हाडातल्या कोलॅजनचं मूळ वाचन या देशात झालं, तेही साध्या साधनांवर! आणि आज आपल्या उत्खननातली हाडं वाचायची वेळ आली की आपण नमुना पाकिटात घालून परदेशी पाठवायचा विचार करतो. हे मला पटत नाही. पुढे सांगतो का ते.

तर हाडातलं कोलॅजन वाचायचं कसं? १९८०-९०च्या दशकांत प्राचीन प्रथिनांवर प्रयत्न झाले, पण गाडी रुळावर आली ती २००९च्या सुमारास. मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक पद्धत बसवली. तिचं आद्याक्षरांचं नाव ‘झूएमएस’, म्हणजे ‘झूआर्किऑलॉजी बाय मास स्पेक्ट्रोमेट्री’: प्रथिनाच्या तुकड्यांच्या वजनावरून प्राणी ओळखणं. आमच्यात सगळे ‘झूम्स’ म्हणतात.

हाडाचा दहा-वीस मिलिग्रॅम तुकडा घ्यायचा. सौम्य आम्लात खनिज विरघळवायचं, किंवा ते न करता थेट अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ६५ अंशांवर तासभर ठेवायचं. कोलॅजन सुटून द्रावणात येतं. मग त्यात ट्रिप्सिन हे प्रथिन कापणारं विकर घालायचं. ट्रिप्सिन साखळी वाटेल तिथे तोडत नाही. लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांनंतर कापतं. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की सकाळी ठरावीक जागी कापलेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, तयार. ते स्वच्छ करून धातूच्या पाटीवर एका रसायनात मिसळून थेंबभर ठेवायचे, वाळवायचे, यंत्रात घालायचे. यंत्र लेझर मारतं, तुकडे उडतात आणि निर्वात नळीतून धावतात. हलका तुकडा लवकर पोहोचतो, जड उशिरा. वेळेवरून वजन निघतं, आणि कागदावर शिखरांची रांग उमटते.

प्राण्यागणिक कोलॅजनमध्ये मोजके फरक असतात. फरक झाला की त्या तुकड्याचं वजन बदलतं, शिखर सरकतं. मेंढी आणि शेळी यांच्यातला निर्णायक तुकडा बकली यांच्या गटाने २०१० साली दाखवला: मेंढीत तो ३०३३ डाल्टनला दिसतो, शेळीत ३०९३ला. (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप.) साठ डाल्टनचा फरक! अहवालातली ती तिरकी रेघ तिथे पुसली गेली. तेही टोक नसलेल्या, आकार नसलेल्या, नखाएवढ्या किरच्यावर.

अर्थात ३०३३ एकटा पुरेसा नाही. तो गाईतही दिसतो, काही हरणांतही. म्हणून रांगेतली इतर शिखरं जोडून बघावी लागतात. शिवाय ८४२ आणि २२११ला दोन शिखरं दिसली की नव्या विद्यार्थ्याला नवा प्राणी सापडल्याचा आनंद होतो. ती डुकराची असतात. ट्रिप्सिन डुकरापासून काढलेलं असतं, ते स्वतःलाही थोडं कापून घेतं.

या चुऱ्यातून काय निघू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेचं. तिथे हाडांचे किरचेच जास्त, गुहेतल्या तरसांनी चघळलेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दोन हजारांहून अधिक अनोळखी तुकड्यांचं कोलॅजन एकेक करून तपासलं गेलं. गवे, घोडे, मॅमथ, लोकरी गेंडे अशी रांग लागली, आणि त्यात एक सुमारे अडीच सेंटिमीटरचा तुकडा मानवी निघाला. त्या तुकड्याचा डीएनए वाचला, तर २०१८ साली कळलं की ती एक तेरा वर्षांच्या पुढची मुलगी होती. आई निअँडर्थल, वडील डेनिसोवन. दोन वेगळ्या मानवगटांचं पहिल्या पिढीचं अपत्य, आजवर सापडलेलं एकमेव. ‘अनोळखी’ लिहून तो तुकडा भरावात टाकला असता तर?

आता तुमच्यातले जाणकार विचारतील, थेट डीएनएच का नाही? उष्णता हे त्याचं कारण. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन नगरातलं काम तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या पुण्याच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालचं, २०१९ साली प्रसिद्ध झालेलं. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच व्यक्तीचा डीएनए उपयोगी पडेल इतका मिळाला. आपल्या हवेत डीएनए लवकर मोडतो. कोलॅजनही मोडतं, पण सावकाश. आणि इनॅमलमधली, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातली प्रथिनं त्याहून चिवट, कारण इनॅमल जवळजवळ सगळं खनिजच असतं. जॉर्जियातल्या दमानिसीच्या गेंड्याच्या दातातून १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची प्रथिनं २०१९ साली वाचली गेली. ते थंड मुलूख, आपलं काय, असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी २०२५चं काम सांगतो: केनियातल्या तुर्काना खोऱ्यातल्या जीवाश्म दातांच्या इनॅमलमधून १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे प्रथिनांचे अवशेष मिळाले. तुर्काना थंड नाही हो! तेव्हा ‘आपल्याकडे काही टिकत नाही’ हे प्रयत्न करण्याआधीच म्हणू नये.

प्रश्नोत्तरांत हडप्पाकाळी घोडा होता का, हे येणार असं मला दिसतंय, म्हणून आत्ताच सांगतो. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन ठिकाणच्या हाडांवर १९९०च्या दशकात बोकोनी म्हणाले घोडा, रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल यांनी शंका घेतली, वाद आजही आहे. झूम्सच्या नेहमीच्या पद्धतीत घोडा, गाढव आणि कच्छच्या रणातलं रानगाढव हे एकाच कुळात पडतात. ते वेगळे करायला साखळीतला अमिनो आम्लांचा क्रम सविस्तर वाचावा लागतो, आणि त्या दिशेने काम सुरू झालंय. वशिंडाचा बैल आणि बिनवशिंडाचा, हे तर कोलॅजनवरून वेगळे होतच नाहीत. जे होतं ते होतं म्हणावं, जे होत नाही ते नाही.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे इनामगावला दहा मिनिटांत जायला हवं. थोडं धावतो.

शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. ताम्रपाषाणयुगातलं शेतकऱ्यांचं गाव, ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. तिथल्या वस्तीचे तीन टप्पे: आधी माळवा संस्कृती, मग पूर्व जोर्वे, मग उत्तर जोर्वे. पूर्व जोर्वे काळात चौकोनी घरं, पाण्यासाठी पाट आणि बांध, जवाची शेती. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चित्र पालटतं. गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात. ढवळीकर सरांची मांडणी अशी की पाऊस घटला, शेती आटली, लोक अर्धभटके झाले, गाईगुरांपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढली. फार दमदार मांडणी आहे. आम्ही सगळे तीच वाचून शिकलो.

पण त्या मांडणीचं एक टोक ‘मेंढी/शेळी’च्या तिरक्या रेघेवर टेकलंय, आणि शेळी व मेंढी यांचं वागणं एक नाही. शेळी झुडपांचा पाला ओरबाडते, बाभळीवर, बोरीवर निभावते, दोन पायांवर उभी राहून शेंडा खाते. मेंढी मुख्यतः गवतावर चरते आणि गवत संपलं की कळप हलवावा लागतो. आपले धनगर बघा. पावसाळ्यात माणदेश-फलटणकडे, दिवाळीनंतर घाट ओलांडून कोकणात किंवा दुसऱ्या मुलखात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवतात, बदल्यात धान्य देतात. ही दूरच्या फिरण्याची आणि शेतीशी बांधलेली अर्थव्यवस्था आहे. उलट गरीब घराच्या दारात बांधलेल्या दोन शेळ्या म्हणजे हलायचं नाही, आहे त्यात तग धरायचा.

तेव्हा उत्तर जोर्वे थरांत जी वाढ आहे ती शेळीची निघाली, तर सुकलेलं रान आणि जागेवर तग धरून राहिलेलं गाव असा अर्थ लागतो. मेंढीची निघाली, तर गावातले काही लोक वर्षाचा काही भाग कळप घेऊन दूर जात होते, ही शक्यता बळावते. मग ती गोल झोपडी दारिद्र्याचीच खूण मानायची की फिरस्तीची, याचा फेरविचार करावा लागेल. आणि दोन्हींचं प्रमाण काळागणिक बदलत गेलेलं दिसलं, तर पाऊस एकदम घटला की हळूहळू, हेही कळेल. हे आज बसल्या जागी सांगता येत नाही, पण चुरा तपासून सांगता येईल.

कसं, ते झटपट. प्रत्येक काळाच्या थरांतून अनोळखी किरचे निवडायचे. जळलेले बाजूला, त्यांतलं कोलॅजन गेलेलं असतं. सरस, वार्निश लावलेले बाजूला. उरलेल्यांत आधी नायट्रोजन मोजायचा, साधारण ०.७ टक्क्याच्या वर असेल तर कोलॅजन असण्याची आशा चांगली. मग झूम्स. जे मेंढी किंवा शेळी म्हणून पक्के ठरतील, त्यांच्या त्याच कोलॅजनमधून कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून कळतं की प्राणी गवतावर जगत होता की झुडपांवर. दात असेल तर इनॅमलमधल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून तो फिरला का, हे कळतं. आणि इनॅमलमध्येच अमेलोजेनिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या एक्स आणि वाय गुणसूत्रांवरच्या दोन आवृत्त्या थोड्या वेगळ्या. त्यावरून नर ओळखता येतो. कोवळे नर जास्त मारले असतील तर कळप दुधासाठी राखलेला असावा. मोठे झालेले नरही राखलेले असतील तर लोकरीचा विचार करायला हवा.

यासाठी काय हवं? हाडं पुण्यात आहेत. वस्तुमान-वर्णपटमापक, म्हणजे तुकड्यांची वजनं काढणारी ती यंत्रंही पुण्यात आहेत, पाषाण रस्त्यावर. प्रथिनांवर काम करणारी उत्तम माणसं तिथे आहेत. नदीच्या अलीकडे-पलीकडेच आहे सगळं. दोन्हींकडची दोन तरुण मुलं एका टेबलाशी बसली तर काम सुरू होईल. मी दोन्हींकडे बोलतोय, आणि प्रतिसाद चांगला आहे.

जे अजून पुरेसं नाही, ती आपल्या प्राण्यांची संदर्भसूची. युरोपातल्या प्राण्यांची शिखरं मांडून झालीत. आफ्रिकेतल्या गवे-हरणांची यादी २०२१ साली झाली, झांबियातल्या लोहयुगीन हाडांसाठी. इनामगावचा किरचा मेंढीचा की चिंकाऱ्याचा, हे ठरवायला दख्खनी मेंढी, संगमनेरी आणि उस्मानाबादी शेळी, म्हैस, काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौशिंगा, चितळ, सांबर या सगळ्यांची नक्की ओळख असलेली हाडं एकाच पद्धतीने तपासून यादी करावी लागेल. पाळीव जनावरांचं सोपं आहे. वन्य प्राण्यांसाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीनेच, नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराची हाडं घ्यायची. आमचा अर्ज तयार आहे.

शेवटचं, तुमच्यातल्या गावाकडच्या लोकांसाठी. तुमच्या गावाची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड असेल, तिथली माती कोणी शेतात टाकायला, घरं सारवायला नेत असेल आणि त्यात हाडं, खापरं दिसली, तर आधी काम थांबवायला सांगा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जे आधीच बाहेर पडलंय ते धुऊ नका, घासू नका, डिंक-फेव्हिकॉल लावू नका. कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून बुरशी येते. कोणत्या जागेवरून, किती खोलीवरून निघालं, हे पेन्सिलीने लिहा, शाई उडते. आणि ओळखता आलं नाही तरी पिशवीवर ‘अनोळखी’ लिहू नका. ‘तपासायचं आहे’ असं लिहा.

वेळ संपली. प्रश्न घेऊ या. हो, आजी, आधी तुम्ही.